तिला दारातून परत नेऊ नका

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. खानापूरच्या पुढे जंगलपट्टीतलं गाव, बीपी वाढलं म्हणून एकतिसाव्या आठवड्यात घाईघाईत सिझर, साडेतेराशे ग्रॅमची मुलगी, आणि आज नववा दिवस ती बेळगावात एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, काचेच्या पेटीत. बायकोला रात्रभर झोप नाही, दूध आटत चाललंय, मॉनिटर वाजला की अंग कापतं. तुमच्या आई म्हणतात, 'तिला माहेरी पाठव, रोज बघून बघून खचेल, बाळाचं काही सांगू नको.' म्हणून डॉक्टर सांगतात त्यातलं निम्मंच तुम्ही तिला सांगता. आणि विचारलंय की तिला शांत ठेवायला काय करू.

बेळगाव आणि आसपासच्या रुग्णालयांत नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी तेवीस वर्षं सिस्टर म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या मुलीच्या उपचारांबद्दल काही बोलणार नाही. पण पेटीपाशी उभ्या आया आणि दाराबाहेर बाकावर बसलेले बाप मी आयुष्यभर बघत आले आहे. तुमची बायको वयाने माझ्या लेकीसारखी असणार, म्हणून तिच्याबद्दल एकेरीतच लिहिते.

आधी ती कशाने बेचैन आहे ते बघू या. बाळाचं काय होईल ही भीती आहेच, ती तुम्हाला, मला, कुणालाच काढून टाकता येणार नाही. पण त्याखाली आणखी एक दुखणं असतं आणि ते पटकन दिसत नाही. नऊ दिवसांपूर्वी ती आई झाली, पण आईचं एकही काम तिच्या हातात आलेलं नाही. लेकीचं पुसणं, दुपटं बदलणं, पाजणं, उचलणं, सगळं परकी माणसं करतात आणि ही काचेबाहेरून बघते. मार्गारेट माइल्स नावाच्या अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधकांनी १९९३ मध्ये अशा आईबापांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात मशीनचे आवाज आणि दृश्यं, बाळाचं रूप, आणि आईबाप म्हणून हातातून गेलेली जागा असे ताणाचे वेगवेगळे भाग केले आहेत. ठिकठिकाणी ती वापरून पाहिली, तेव्हा बहुतेक वेळा आईबापांनी या शेवटच्या भागाचाच ताण सगळ्यात जास्त सांगितला. मला ते वाचून नवल वाटलं नाही, कारण तोवर मी एक चूक करून बसले होते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी होते त्या ठिकाणी आईला दिवसातून दोनदा, काचेतून, दहा-दहा मिनिटं बाळ बघायची परवानगी होती. हुक्केरीकडची एक बाई, बाळंत होऊन तीन दिवस झालेली, रात्री दोनला अनवाणी चालत दारापाशी आली. पदराखाली झाकलेली स्टीलची वाटी. तिने स्वतः पिळून काढलेलं दूध होतं, तळ झाकेल एवढंच. मी वाटी घेतली, 'जा, झोप जा, बाळ बरं आहे' म्हटलं, आणि बाहेरचं दूध चालत नाही या नियमाप्रमाणे ते बेसिनमध्ये ओतलं. वळून पाहिलं तर ती काचेपाशीच उभी होती. तिने ते पाहिलं होतं. नंतर ती रात्रीची कधी आली नाही आणि चार दिवसांत तिचं दूध बंद झालं. बाळ वाचलं, घरी गेलं. पण ती वाटी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिला शांत झोप मिळावी म्हणूनच मी तिला परत पाठवलं होतं.

म्हणून कळकळीने सांगते, तिला माहेरी पाठवू नका. जमेल तेवढं पेटीजवळ न्या आणि तिच्या हाताला काम द्या.

आता यात परिस्थितीवर बरंच काही अवलंबून आहे. मुलगी व्हेंटिलेटरवर आहे, नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणाऱ्या सीपॅपवर आहे की नुसत्या पेटीत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रुग्णालय आईला आत किती वेळ सोडतं, हेही नाही. तिचं बीपी उतरलंय का, टाके कसे आहेत, शहरात राहायची सोय आहे का, यावर काय आज होईल आणि काय आठवड्याने, ते ठरेल. पण बाळ कितीही आजारी असलं तरी आईला करण्यासारखं काहीच नाही, असा दिवस मी अगदी क्वचित पाहिला आहे.

सगळ्यात पहिलं काम हात ठेवण्याचं. हात कोपरापर्यंत धुवायचे, बांगड्या-अंगठ्या काढायच्या, तळवे चोळून ऊबदार करायचे, आणि पेटीच्या खिडकीतून एक तळवा बाळाच्या डोक्यावर टोपीसारखा, दुसरा पोटाशी दुमडलेल्या पायांवर, असे ठेवायचे. हात हलवायचे नाहीत. कमी दिवसांच्या बाळाला गोंजारलेलं, चोळलेलं सोसत नाही, त्याची त्वचा फार हळवी असते. स्थिर हाताचा भार मात्र त्याला आवडतो. पहिलं मिनिटभर बाळ हातपाय ताणतं आणि आई घाबरून हात मागे घेते. तिथेच आम्ही तिला म्हणतो, 'थांब गं, ठेव तसाच.' मग हळूहळू बाळाच्या भुवया सैल होतात, मूठ उघडते. त्या क्षणी मी मॉनिटरकडे बघत नाही, आईच्या खांद्यांकडे बघते. तेही खाली आलेले असतात.

त्यापुढचं काम कांगारू पद्धतीचं, म्हणजे बाळाला टोपी-लंगोटावर आईच्या उघड्या छातीशी उभं बांधून ठेवणं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून हे सुरू केलं. तेव्हापासून हे गरिबाघरचे उपाय समजून पुष्कळांनी बाजूला ठेवले होते. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या रुग्णालयांतल्या अभ्यासाचे निकाल आले. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतली बाळं, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वजनाची. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्यांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू, आधी पेटीत स्थिर होऊ दिलेल्यांपेक्षा २५ टक्के कमी निघाले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी हे जन्मापासून, दिवसाचे आठ ते चोवीस तास, करायला सांगितलं. आपल्याकडे दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना आत घेऊन शिकवायची पद्धत बसवली गेली आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने सरकारी नवजात कक्षांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. लांब कशाला, आपल्याच कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांतून कांगारू पद्धत रुजवायचं मोठं काम झालं आहे. एवढं सगळं सांगितलं ते अशासाठी की तुम्ही हे मागायला जाल तेव्हा मेहेरबानी मागितल्यासारखं वाटून घेऊ नका. 'करू देता का?' असं विचारलं की 'नाही' हे उत्तर सोपं पडतं. 'सिस्टर, हिला बाळ छातीशी कधीपासून घेता येईल, आणि तोवर तिने काय करायचं?' असं विचारा. आणि तुम्हीही घ्या. बापाची छातीही तेवढीच ऊबदार असते.

आता दूध. 'आटलं' म्हणता, पण नवव्या दिवशी ते क्वचितच खरं आटलेलं असतं. काढलंच जात नाही म्हणून शरीर बनवायचं कमी करतं. शिवाय भीती, वेदना आणि जागरण यांनी दूध असूनही उतरत नाही. दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी हाताने किंवा पंपाने काढायला हवं, त्यातलं एक रात्रीचं. जमेल तेव्हा पेटीपाशी बसून किंवा बाळाला हात लावून आल्यावर काढायचं. पुष्कळ जणींना तिथेच पान्हा फुटतो. चमचाभर निघालं तरी लाजायचं नाही, एवढ्या बाळाची सुरुवात काही थेंबांनीच होते. बाटलीवर नाव, तारीख, वेळ तिने स्वतःच्या हाताने लिहावी. आणि एक गोष्ट तिला नीट समजावून सांगा, कारण मनात घर करून बसणारी ही गोष्ट आहे. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गरोदरपणाच्या हिशेबाने साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो. तोवर नळीनेच दूध द्यावं लागतं. लेक तिला नाकारत नाहीये, लेकीला अजून ते यायचंय.

मॉनिटरच्या आवाजाने कापते म्हणता. तिला कुणीतरी एकदा पाच मिनिटं काढून तो पडदा समजावून दिला पाहिजे. पुष्कळदा तो वाजतो ते पायाला लावलेला लाल दिव्याचा पट्टा सरकला म्हणून. कधी कमी दिवसांचं बाळ खरंच काही सेकंद श्वास घ्यायला विसरतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं, चौतीस आठवड्यांच्या आतल्या बाळांत हे पुष्कळदा दिसतं. सिस्टर तळपायाला हात लावते, बाळ परत श्वास घेतं. त्यासाठी औषधही देतात. आम्ही आयांना शिकवतो की आवाज झाला की आधी बाळाकडे बघ, रंग बघ, छाती हलते का बघ, मग आकड्याकडे. बघायचं काय हे कळलं की निम्मी थरथर जाते.

आपल्या भागातली एक वेगळीच अडचण आहे, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तुमच्या घरी मराठी, आणि वॉर्डात निम्मं बोलणं कन्नड. कागद इंग्रजी नाहीतर कन्नड. घाबरलेल्या माणसाला न कळणारी भाषा नेहमी वाईट बातमीसारखी ऐकू येते. जांबोटीकडच्या एका मुलीसमोर आमच्या दोघी सिस्टर ड्यूटी बदलताना म्हणाल्या, 'मगु तूक कडिमे आगिदे.' बाळाचं वजन कमी झालंय, एवढाच अर्थ. पहिल्या आठवड्यात कमी दिवसांच्या बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत, कधी थोडं जास्तही उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. पण हिने ऐकलं फक्त 'कडिमे', पाहिला तो आमच्या लोकांचा दमलेला चेहरा, आणि बाळ जातंय असं समजून रात्रभर बाथरूममध्ये रडली. सकाळी मला म्हणाली, 'अक्का, मला खरं सांगा, कधीपर्यंत आहे?' तेव्हापासून आयांसमोर आपसात बोललं की लगेच त्यांच्या भाषेत सांगायचं, असं आम्ही ठरवलं. तुमच्या युनिटमध्ये मराठी येणारी एखादी सिस्टर किंवा मावशी नक्की असेल, तिला शोधा. आणि बायकोला चार शब्द शिकवा : मगु म्हणजे बाळ, तूक म्हणजे वजन, हालु म्हणजे दूध, उसिरु म्हणजे श्वास. 'मगु तूक यष्टु?' एवढं तिने स्वतः विचारलं तरी सिस्टर तिच्याशी बोलायला लागेल. 'अळबेडी' म्हणत असतील तर त्याचा अर्थ रडू नका. हवं तर रडू द्या तिला.

निम्मंच सांगण्याबद्दल. तुम्ही प्रेमाने करता हे कळतं, पण ती तुमचा चेहरा वाचते. तुम्ही 'ठीक आहे' म्हणता आणि नजर चुकवता, तेव्हा उरलेलं निम्मं ती स्वतः भरते, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. उद्यापासून डॉक्टरांच्या राउंडला दोघं मिळून उभे राहा. तिला चालवत नसेल तर खुर्ची मागा. अगदीच जमलं नाही तर फोन स्पीकरवर ठेवा. रोज तीनच गोष्टी विचारा : कालपेक्षा काय बदललं, आज तुमचं लक्ष कशावर आहे, आणि आम्ही काय करायचं. डॉक्टर 'आत्ता सांगता येत नाही' म्हणाले तर ते टाळणं समजू नका. इतक्या लहान बाळाच्या बाबतीत पुष्कळदा तेच खरं उत्तर असतं.

तुमच्या आईंविषयी. त्या शत्रू नाहीत, त्याही घाबरल्या आहेत. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं असणार, आणि एकतीस आठवडे म्हणजे आठवा लागलेला. ही समजूत चुकीची आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा फुप्फुसाला बळ देतो, तुमच्या मुलीला सातव्यातल्या बाळापेक्षा जास्त आठवडे मिळालेत. हे तुम्ही सांगून त्यांना पटायचं नाही, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. दुसरी सल सटवाईच्या रात्रीची असेल. बाळ काचेत, मग तिने नशीब लिहायचं कुठे? एका आजींनी कोरा कागद आणि पेन आमच्या दाराशी आणून दिलं होतं. पेटीत ठेवता येत नव्हतं, म्हणून सुनेच्या उशाखाली ठेवायला सांगितलं. आजी त्या रात्री पहिल्यांदा झोपल्या. अशा गोष्टींवर वाद घालण्यात तुमची ताकद घालवू नका. आईंना एकदा आत नेऊन नात दाखवा, आणि काम द्या : सुनेचं वेळेवर जेवण, दुपटी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवणं, बारीक मापाची टोपी. आणि बारसं होईल तेव्हा होईल, पण लेकीला आत्ताच काहीतरी नावाने हाक मारा. पेटीवर तिच्या आईचंच नाव लिहिलेलं असतं, बाळाला स्वतःचं नाव नसतं. सोनी म्हणा, ठकी म्हणा. नावाने हाक मारायला लागल्यावर आईचा आवाज बदलतो.

तुमच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. रात्री गावी जाऊन सकाळी परत येत असाल तर ते थांबवा. पावसाळ्यात त्या रस्त्यावर झोप न झालेल्या माणसाने मोटारसायकल चालवू नये. बिलाची चिंता मनात असणारच. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. तुमचं रुग्णालय यादीत आहे का ते आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे, आजच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली महात्मा फुले ही आरोग्य योजना जाहीर केली आहे, तुमचं गाव त्यात असेल तर तिचीही चौकशी करा. खासगीचा खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावरचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. बाळ हलवण्याजोगं आहे का, ते डॉक्टरच ठरवतील. बाळाला न सांगता उचलून नेणं मात्र करू नका.

आता काळजीची बाजू. बाळंतपणानंतर तिसऱ्या-पाचव्या दिवशी रडू येणं, चिडणं हे बहुतेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही ती तशीच राहिली, बाळ झोपलेलं असून, वेळ असून तिला झोप येईना, जेवण सुटलं, 'माझ्यामुळेच झालं' हेच घोकत राहिली, किंवा बाळाकडे जायलाच नको म्हणू लागली, तर ते दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या बाळाच्याच डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा मनाच्या दुखण्यांसाठीच्या टेलि-मानस सेवेचा सरकारी फोन नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. ती भलतंच बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, जीव द्यायच्या गोष्टी करू लागली, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा आणि तिला एकटं सोडायचं नाही. आणि हिचं बीपी वाढलं होतं म्हणून मुद्दाम सांगते. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, आईची तपासणी राहून जाते. फार डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात दुखणं याला 'टेन्शन' म्हणून सोडू नका, लगेच बीपी बघायला लावा.

घरी जायचा दिवस येईल. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. एवढ्या कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासावा लागतो. बाळ घरी आलंय, बरं दिसतंय म्हणून ती तारीख चुकवू नका. दुसरी गोष्ट लहान वाटेल. मॉनिटरसारखी पिंपिं करणारी रिंगटोन किंवा गजर तुमच्या, आईंच्या, घरातल्या कुणाच्याही फोनवर असेल तर ती आधी बदला. आमच्याकडून गेलेल्या कितीतरी आया मला सांगतात, घरी पहिल्या रात्री शेजारच्या फोनचा गजर झाला आणि त्या उठून बाळाच्या छातीवर हात ठेवून सकाळपर्यंत बसल्या.